ॲमस्टरडॅम: सायकलवरून लपलेला इतिहास बघायचा तर कुठून सुरुवात करावी?

वाटसरू:
सप्टेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला एक दिवस मोकळा आहे. मोठी संग्रहालयं नकोत, शहराचा सहसा न दाखवला जाणारा इतिहास बघायचा आहे. सायकल भाड्याने घेणार. रस्ता सुचवा. ट्रामच्या रुळांची धास्ती वाटते, त्याबद्दलही सांगा.

कालवाकाठ:
सेंट्रल स्टेशनहून गेल्डरसेकाडेने नियूमार्क्ट, तिथून सिंट अँटोनीसब्रेस्ट्राट, योडेनब्रेस्ट्राट आणि शेवटी वेस्परस्ट्राट. अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण अर्धा दिवस ठेवा.

जाताना रस्त्याच्या रुंदीकडे लक्ष द्या. योडेनब्रेस्ट्राट ऐसपैस आहे, पण नियूमार्क्टच्या बाजूला सिंट अँटोनीसब्रेस्ट्राट एकदम अरुंद. हा ज्यूंचा मोहल्ला होता. नाझींनी माणसं नेली, घरं ओस पडली आणि 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोकांनी सरपणासाठी त्यांतली तुळया-दारं काढून नेली. पुढे नगरपालिकेने इथून मेट्रो आणि रुंद मोटार रस्ता न्यायचं ठरवलं. 1972 मध्ये रस्त्याचा बेत सोडला, मेट्रोसाठी मात्र 1975 मध्ये घरं पाडली आणि दंगल झाली. रस्ता जिथे अडला तिथेच पिंटो हाऊस हे जुनं घर उभं आहे, रस्त्यासाठी तेही पाडायचं ठरलं होतं. जवळच झॉयडरकेर्क या चर्चच्या फाटकावर दगडी कवट्या आहेत, त्याही चुकवू नका.

वेस्परस्ट्राटवर नाझींच्या छळात मारल्या गेलेल्यांच्या नावांचं 2021 चं स्मारक आहे. एका विटेवर एक नाव, अशी 1 लाख 2 हजारांहून जास्त. सायकल बाहेर लावून चालत फिरा.

चाकधारी:
भाड्याने घेताना आधी ब्रेक विचारा. बऱ्याच सायकलींना पाय उलटा दाबून लागणारा ब्रेक असतो. त्यात पॅडल मागे फिरवता येत नाही, त्यामुळे सिग्नलला पॅडल खाली राहिलं तर निघताना पाय नीट बसत नाही. मागचं चाक जरा उचला, पॅडल पुढे फिरवून वर आणा. चेन उतरली तर हा ब्रेक जातो, म्हणून पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक असलेलीच मागा. सीटची उंची: टाच खालच्या पॅडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हायला हवा.

रूळ: तिरकं ओलांडायला गेलात तर चाक खाचेत अडकतं आणि माणूस आडवा होतो. वेग कमी करून शक्य तितकं काटकोनात ओलांडा. ओल्या रुळावर ब्रेक मारू नका आणि हँडल वळवू नका. तुमच्या रस्त्यात तरी योडेनब्रेस्ट्राटच्या टोकाच्या मेस्टर फिसरप्लेन (Mr. Visserplein) चौकात ट्राम लागते.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोकं तुमच्याकडे असली, तर आडव्या रस्त्याने येणाऱ्यांना आधी जाऊ द्या. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. वळताना हात दाखवा. फोन हातात धरून सायकल चालवायला 2019 पासून बंदी आहे, नकाशा बघायचा तर कडेला थांबा.

कुलपं दोन लावा: मागच्या चाकाचं कडी-कुलूप, आणि साखळी पुढचं चाक व फ्रेम यांतून काढून स्टँडला.

वाटसरू:
माळ्यावरचं चर्च म्हणतात ते या वाटेवर आहे का?

कालवाकाठ:
जवळच, आउडेझाइड्स फोरबुर्गवालवर. 1578 नंतर कॅथलिकांना उघडपणे उपासना करायला मनाई झाली, तेव्हा 1661-63 मध्ये घराच्या वरच्या मजल्यांवर हे चर्च बांधलं. बाहेरून साधं कालव्याकाठचं घर दिसतं. जिने अरुंद आणि उभे आहेत, मोठी पाठपिशवी नेऊ नका. त्या गल्लीत दुपारनंतर गर्दी उसळते, तेव्हा सकाळी आधी हे उरका आणि सायकल स्टेशनजवळच लावून पायी जा.