गौरीजेवणाला न्यायचा गोड पदार्थ : ओल्या नारळाच्या वड्या

गौरीजेवणासाठी कोणाकडे जाताना काय गोड न्यावे, असे विचारले की बासुंदी न्यावी, असे कोणी सुचवते. बासुंदी उत्तमच, परंतु रिक्षातून डबा सांभाळत नेणे आणि तिथे पोहोचल्यावर यजमानीणबाईंच्या आधीच भरलेल्या फ्रिजमध्ये जागा मागणे, हे दोन्ही त्रासाचे असल्यामुळे मी ओल्या नारळाच्या वड्या सुचवेन. दोन वाट्या खोबऱ्याला दीड वाटी साखर आणि अर्धी वाटी दूध पुरते. नारळ खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ खोबऱ्यात येऊ देऊ नये, म्हणजे वड्या पांढऱ्याशुभ्र होतात. खोबरे, साखर आणि दूध कढईत एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळत राहावे. मिश्रण कढईच्या कडा सोडून मध्ये गोळा होऊ लागले आणि चिमूटभर मिश्रणाची गोळी बोटांना न चिकटता वळली, की वेलदोड्याची पूड घालून ते लगेच तूप लावलेल्या ताटात थापावे. याआधी उतरवल्यास वड्या पडत नाहीत, उशीर झाल्यास त्या भुसभुशीत होतात. काप गरम असतानाच पाडावेत. नैवेद्यात ठेवायच्या असतील तर यजमानांना आदल्या दिवशीच विचारलेले बरे, कारण काही घरी नैवेद्य घरचाच लागतो (आणि तो सोवळ्यातलाच).