नॅनो हळद: गरज की नुसतं सोनेरी पाणी?

खडीसाखर (धागाकर्ती)
बाबांच्या गुडघ्यांसाठी मावशीने नॅनो कर्क्युमिनची बाटली आणली, म्हणजे हळदीतला मुख्य घटक तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत विरघळवलेला. पाण्यात चार थेंब टाकले, तर ना तवंग ना गाळ, नुसतं स्वच्छ सोनेरी पाणी. घरची हळद तर तळाशी बसते. मला हे पटत नाही. हळद अंगी लागायला आपल्या फोडणीत तेल असतं, वर मिरपूड पडते. मग तेलाचा भुगा करून अंगात ढकलायची गरज कोणाला पडली?

होमोजिनायझर
खाद्यतंत्रज्ञानात नोकरी करतो, म्हणजे पक्षपाती आहे, आधीच सांगतो. पण असहमत. कर्क्युमिन काय किंवा ड जीवनसत्त्व काय, पाण्यात विरघळत नाही. ते तेलात घ्यायचं, लेसिथिनसारखा इमल्सीफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) घालायचा आणि प्रचंड दाबाने बारीक फटीतून काढायचं. थेंब 200 नॅनोमीटरच्या खाली जातात, हेच नॅनोइमल्शन. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर, त्यामुळे पुरेसे बारीक थेंब नजरेला जाणवतच नाहीत. व्यास शंभरपट घटला की तेवढ्याच तेलाचा पृष्ठभाग शंभरपट वाढतो, आणि आतड्यातलं लायपेज (तेल पचवणारं विकर) पृष्ठभागावरच काम करतं. 'ढकलणं' वगैरे काही नाही, तेल नेहमीसारखंच पचतं, फक्त लवकर.
आणि फोडणीचा हिशेब: 3 ग्रॅम हळदीत कर्क्युमिन जेमतेम 90 मिलिग्रॅम. आमटीत तेवढी हळद कोण घालतं?

सांगलीकर
आमच्या हळदीला नावं ठेवायची नाहीत! जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने 1995 साली दिलं होतं, 1997 मध्ये रद्द करायला लावलं आपण.

होमोजिनायझर
जोरदार, पण विषयांतर.

कडूकाढा
धागाकर्तीशी सहमत, कारण मात्र वेगळं. नॅनो खोटं आहे म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून भीती वाटते. जास्त शोषलं जातं म्हणता, मग मात्रा कोणी कमी केली? इटलीत 2019 साली हळदीची पूरकं (सप्लिमेंट) घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाची प्रकरणं निघाली होती. शेकडो वर्षं आमटी खाऊन कोणाचं यकृत सुजल्याचं ऐकलं नाही. ड जीवनसत्त्वाचंही तेच. 60000 युनिटची, आठवड्यातून एकदाच घ्यायची बाटली लोक रोज पितात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवून बसतात.
शिवाय पॉलिसॉर्बेट 80 हा इमल्सीफायर. उंदरांना 12 आठवडे पाण्यातून 1 टक्का दिलं, तर आतड्यातले जिवाणू बिघडून सौम्य दाह झाला (2015).

होमोजिनायझर
पिण्याच्या प्रत्येक घोटात 1 टक्का! चार थेंबांत ते कुठून येणार? आइस्क्रीममध्येही असतं ते. आणि मिरी निरुपद्रवी आहे असं कोण म्हणालं? बंगळुरूच्या 1998 च्या प्रयोगात मिरीतल्या 20 मिलिग्रॅम पायपरीनने कर्क्युमिनचं शोषण वीसपट झालं, पण पायपरीन शरीराची बाहेर टाकायची यंत्रणाच रोखतं. बाकीची औषधंही त्याच यंत्रणेतून बाहेर पडतात.

गोळीवाली
औषधांच्या दुकानात बसते. दोघांचंही अर्धं बरोबर. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचं सायक्लोस्पोरिन (शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनचं औषध) आधी साध्या तेलकट रूपात यायचं, पित्त आणि जेवणाप्रमाणे शोषण कमीजास्त व्हायचं. 1990 च्या दशकात पोटात गेल्यावर आपोआप बारीक थेंब होणारं रूप आलं आणि शोषण बरंच स्थिर झालं. (शास्त्रीय भाषेत ते मायक्रोइमल्शन. त्याचे थेंब बहुधा नॅनोइमल्शनपेक्षाही लहान असतात. अशी उलटी नावं देणाऱ्यांना नमस्कार.) पण रुग्ण नव्या रूपावर नेताना डॉक्टर रक्तातली पातळी मोजायचे. पूरकांच्या बाटलीमागे कोण मोजतं?

कडूकाढा
हेच म्हणत होते मी.

होमोजिनायझर
हे मान्य. लेबलवर नुसते मिलिग्रॅम पुरत नाहीत. आणखी एक, माझ्याच धंद्याविरुद्ध: पृष्ठभाग वाढला की तेलाला हवाही जास्त भिडते. ओमेगा-3 चं नॅनोइमल्शन नीट जपलं नाही तर साध्या तेलाआधी खवट होतं. खडीसाखर, बाटलीवर 322 आहे की 433? 322 म्हणजे लेसिथिन, 433 म्हणजे पॉलिसॉर्बेट 80.

खडीसाखर
433. पायपरीनही आहे. आणि बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात, हे वर लिहायचं राहिलं.

गोळीवाली
अहो, हे आधी सांगायचं ना! आज थेंब देऊ नका. बाटली आणि गोळीची पट्टी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.

होमोजिनायझर
+1. इथे माझा पक्षपात संपला.