उत्तर: लिनक्स कर्नलच्या क्रॅशच्या कोडमधल्या डुप्लिकेट कॉप्या
भो, तू म्हणतोस तेच फंक्शन चार ठिकाणी आहे तर एक ठेवा बाकीचे उडवा, बरोबरच आहे. लिनक्समध्ये केक्झेकच्या (चालू कर्नलमधून थेट दुसऱ्या कर्नलमध्ये जायची सोय) आधी इंटरप्ट मास्क करणारा, म्हणजे हार्डवेअरचे इशारे बंद करणारा कोड एआरएम, एआरएम६४, पॉवरपीसी, रिस्क-व्ही या प्रोसेसरांच्या प्रकारांसाठी असा चारी जागी पडला होता, तो एकत्र आणला ते फार चांगलं झालं, पण उडवायच्या आधी डिफ लावून चारही कॉप्यांत फरक काय ते बघ ना, एआरएम६४ मध्ये व्हर्च्युअल मशीनकडे वळवलेल्या इंटरप्टची अ‍ॅक्टिव्ह स्टेट (काम चालू असल्याची खूण) काढायची जादा पायरी होती, ती कॉन्फिग ऑप्शनमागे, म्हणजे कर्नल बनवताना चालू-बंद करता येईल अशी ठेवावी लागली. पॅनिकनंतर, म्हणजे कर्नल कोसळल्यावर, हाच कोड चालतो, इथे बिघडलं तर व्हीएमकोअरच (कोसळतानाच्या मेमरीची फाइल) मिळत नाही, मग चूक शोधणार कशात? आपल्या जळगाव-भुसावळच्या कॉलेजातल्या पोरांना हार्डवेअर बोर्ड घ्यायची पण गरज नाही, क्यूईएमयूवर (कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) क्रॅशकर्नलला, म्हणजे कोसळल्यावर चालणाऱ्या दुसऱ्या कर्नलला मेमरी राखायची, मेमरीचा डंप घेणारा केडंप लावायचा, मुद्दाम पॅनिक करायचा आणि पॅच लावायच्या आधी अन् नंतर दोन्ही वेळा डंप येतो का ते बघायचं.