नियमित मालिश कितपत उपयोगी?

प्रश्न : मी आठवड्यातून तीनदा धावतो, उरलेला दिवस संगणकासमोर जातो. नियमित मालिशने खरोखर फरक पडतो, की ते केवळ तात्पुरते सुख?

प्रतिसाद १ : मालिशने स्नायूंतील लॅक्टिक आम्ल निघून जाते हा समज चुकीचा आहे, कारण ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात आपोआप ओसरते, २४ ते ७२ तासांनी जाणवणारा ठणका मात्र मालिशने काहीसा हलका होतो. वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रतिसाद २ : सहमत. माझा अनुभव बैठ्या कामाचा आहे : खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला की आखडलेला स्नायू दोरीसारखा हाताला लागतो, आणि मालिशनंतर मान सहज वळते. अर्थात, बसण्याची पद्धत तीच राहिली तर आखडणे परततेच.

प्रतिसाद ३ : एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर मालिश टाळून त्वरित डॉक्टरांना दाखवावे, आत रक्ताची गुठळी असू शकते.