क्लायंट बदला, पण सीडिंग सोडू नका

सातारकर:
ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना टोरेंट म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, चोरीचा सिनेमा आणि व्हायरस. याचं मला मनापासून वाईट वाटतं. फाइलला मागणी वाढली की ती देणारा सर्व्हर दमतो, ही जुनी अडचण. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरेंट, म्हणजे टोरेंटमागची फाइल वाटण्याची पद्धत, आणली आणि घेणाऱ्यालाच देणारा करून टाकलं. फाइलचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा हॅशने (त्याच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेने) तपासला जातो आणि जो तुम्हाला देतो त्याला तुमचा क्लायंट (टोरेंट चालवणारं सॉफ्टवेअर) आधी देतो. तरी दर ३० सेकंदांनी एका अनोळखी पीअरलाही (तीच फाइल घेणाऱ्या दुसऱ्या संगणकालाही) संधी मिळते, कारण नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसतं. इतका माणुसकीचा विचार मी दुसऱ्या कुठल्या प्रोटोकॉलमध्ये पाहिला नाही. डेबियन, उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आजही अशा मिळतात.

घाण झाली ती क्लायंटमध्ये. २००५ चा म्यूटोरेंट एका फ्लॉपीत मावायचा. पुढच्याच वर्षी तो विकला गेला, मग जाहिराती आल्या. २०१५ मध्ये तर त्याच्या इन्स्टॉलरसोबत आभासी नाणी खणणारं सॉफ्टवेअर आलं आणि न विचारता बसल्याच्या तक्रारी झाल्या. क्यूबिटटोरेंट घ्या, त्याचा सोर्स कोड सगळ्यांसमोर आहे. आणि फाइल उतरली की लगेच बंद करू नका, सीडिंग करा, म्हणजे निदान घेतलं तेवढं तरी इतरांना परत द्या.

रीळघर:
मी मराठी चित्रपटांच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये काम करतो. तुम्ही ज्याचं कौतुक करताय, ते ‘घेणाराच देणारा’, तेच आमच्या मुळावर येतं. मुलाला वाटतं आपण नुसता सिनेमा बघतोय. प्रत्यक्षात तो त्याच वेळी तो सिनेमा इतरांनाही वाटत असतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. मराठी सिनेमाला आधीच मोजके शो मिळतात. शुक्रवारी रात्री कॉपी फिरली की सोमवारी ते शोही जातात, आणि पुढच्या सिनेमाला निर्माता हात आखडता घेतो. डेबियनचं उदाहरण खरं आहे, पण गावागावांत टोरेंट डेबियनसाठी चालत नाही हो.

सातारकर:
नव्या सिनेमाबद्दल तुमचं बरोबर आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. पण दोष कोणाला द्यायचा? २००५ च्या ग्रोक्स्टर (फाइल वाटण्याचं एक सॉफ्टवेअर) खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना धरलं ते त्यांनी लोकांना चोरीला उद्युक्त केलं म्हणून. फाइल वाटण्याचं तंत्र बेकायदा ठरवलं नाही. हा फरक आपणही करायला हवा.

नेटवर्कवाली:
मध्येच बोलते. सोर्स उघडा म्हणजे सगळं सुरक्षित, असं कृपया कोणाला सांगू नका. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या उघड्या सोर्सच्या क्लायंटच्या अधिकृत साइटवरच मॅकसाठीची फाइल बदलली गेली आणि तीत खंडणी मागणारं रॅन्समवेअर होतं. कोड स्वच्छ होता, डाउनलोड नव्हतं. दुसरं म्हणजे आपल्याकडे मोबाइल नेटवर आणि बऱ्याच केबलवाल्यांकडे एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचतच नाही, मग सीडिंग जेमतेम होतं. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, तीत पत्ता असा वाटून घ्यावा लागत नाही) असेल तर ते चालू करा, बराच फरक पडतो. आणि स्वॉर्ममधल्या, म्हणजे तीच फाइल घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या गटातल्या, प्रत्येकाला तुमचा आयपी दिसतो, हेही लक्षात असू द्या.

सातारकर:
ट्रान्समिशनचं विसरलो होतो, आभार. रीळघर, एक विचारतो. आपल्याकडे प्रदर्शनानंतर ६० वर्षं उलटली की चित्रपट हक्कमुक्त होतो. अशा जुन्या मराठी चित्रपटांच्या चांगल्या प्रती कुठे असतील तर त्या मी सीड करीन. घरचं मशीन चोवीस तास चालू असतं.

रीळघर:
कल्पना मला आवडली, पण घाई नको. चित्रपट मोकळा झाला तरी गीतकार आणि संगीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, आणि आपल्या जुन्या सिनेमांत गाणी किती, हे तुम्हाला माहीतच आहे. आधी एकेका सिनेमाची ती यादी करावी लागेल. मी दोन नावांपासून सुरुवात करतो, मग स्कॅनच्या खर्चाचं बघू.