मदत हवी आहे: दोन उंच फॉरवर्डना अडवायचं कसं?

नमस्कार मंडळी. मेलबर्नमधल्या आमच्या हौशी फुटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) संघाची शनिवारची निवड माझ्याकडे आहे. समोर दोन उंच फॉरवर्ड, आणि आमचा फुल-बॅक, म्हणजे गोलसमोरचा मुख्य बचावपटू, मांडीच्या दुखापतीने बाहेर. राखीव रकमनला (चेंडू उसळवल्यावर उडी मारून तो टोलवणारा उंच खेळाडू) मागे आणलं, तर चेंडू जमिनीवर पडताच त्यांची छोटी, चपळ पोरं मोकळी सुटतील. मला जास्त धास्ती त्याचीच वाटते. २०२१ च्या एएफएल (फुटीची मुख्य व्यावसायिक लीग) विजेत्या मेलबर्न संघात स्टीव्हन मे मुख्य फॉरवर्डला चिकटून राहायचा, म्हणून जेक लीव्हरला आपला माणूस सोडून हवेतला चेंडू अडवायला जाता यायचं. आमच्याकडे लीव्हरच्या पठडीतला मुलगा आहे, पण मेसारखा कुणी नाही. मग त्याला मोकळा ठेवू की एका माणसामागे बांधून टाकू? बचावफळीत खेळलेल्यांनी गुरुवारच्या सरावाआधी सांगा, प्लीज.