मुलाचा घोळणा वारंवार फुटतो, नाकात लाल गाठ दिसते: तुकडा तपासायला पाठवावा का?

प्रश्न (जनरल प्रॅक्टिस, तालुका)
मुलगा, वय १५. पाच महिन्यांपासून डावी नाकपुडी बंद, त्याच बाजूने घोळणा फुटतो. दुखत नाही. हिमोग्लोबिन ८. नाकात अगदी मागे गुळगुळीत लालसर गाठ आहे. पॉलिप (नाकाच्या अस्तराची सुजून लोंबणारी मऊ वाढ) असावा असं वाटतं. बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा) इथेच घेऊ का?

कान-नाक-घसा सर्जन
डॉक्टर, कृपा करून घेऊ नका, चिमटाही लावू नका. या वयाचा मुलगा, नाक एकाच बाजूने बंद आणि वारंवार रक्त, म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ज्युवेनाइल नॅसोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा (किशोरवयीन मुलांत नाकाच्या मागच्या भागात होणारी, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ). गाठ कर्करोगाची नाही, पण तिच्या बऱ्याच रक्तवाहिन्यांना स्नायूचा थर नसतो. त्या कापल्यावर आकसत नाहीत आणि ओपीडीत रक्त आवरत नाही. साधा पॉलिप फिकट, राखाडी असतो, सहसा असा वाहत नाही.

कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) करा. स्फेनोपॅलेटाइन छिद्र (नाकाच्या मागच्या बाजूच्या भिंतीतलं) रुंदावलेलं आणि मॅक्सिलरी सायनसची (गालाच्या हाडातली पोकळी) मागची भिंत पुढे वाकलेली दिसली की निदान जवळजवळ पक्कं. कवटीत किंवा डोळ्याच्या खोबणीत शिरकाव किती, हे एमआरआय सांगतो.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट
एम्बोलायझेशन (गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बारीक कणांनी बंद करणं) ऑपरेशनच्या २४ ते ७२ तास आधी. फार लांबवलं तर बाजूच्या वाहिन्या रक्त पुरवायला लागतात. मुख्य पुरवठा बहुधा इंटर्नल मॅक्सिलरी धमनीतून असतो, तरी दोन्ही बाजूंच्या एक्स्टर्नल आणि इंटर्नल कॅरॉटिड या मानेतल्या मोठ्या धमन्यांचं चित्र घ्यायलाच हवं. कण फार बारीक असले तर छुप्या जोडवाहिन्यांतून डोळ्याच्या धमनीत जाऊन दृष्टी जाऊ शकते.

कान-नाक-घसा सर्जन
एक भर घालतो. गाठ परत येते ती बहुतेक वेळा मागे राहिलेल्या तुकड्यातून, आणि तो लपतो नाकामागच्या टेरिगॉइड हाडाच्या मुळाशी, त्यातल्या व्हिडियन कालव्याभोवती (नस जाणारी बारीक वाट). गाठ निघाली म्हणून तिथे थांबू नये, ते हाड ड्रिलने साफ करावं. आता बहुतेक गाठी दुर्बिणीतून निघतात. कॅव्हर्नस सायनसमध्ये (मेंदूच्या तळाशी असलेली रक्ताची पोकळी) चिकटलेला भाग ओढून काढण्यापेक्षा ठेवून एमआरआयवर लक्ष ठेवणं बरं. रेडिएशन शेवटचा पर्याय, कारण कोवळ्या वयात पुढे कर्करोगाचा धोका उरतो.

प्रश्नकर्ता
बायोप्सी रद्द. पाठवेपर्यंत काय करू?

भूलतज्ज्ञ
रक्तगट, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी) आणि लोह आजच सुरू करा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. घोळणा फुटला तर मुलाला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं सलग दाबा, घशात आलेलं रक्त थुंकू द्या. गाठ मागे असल्याने दाबून थांबलं नाही तर पॅक (नाकात भरायची पट्टी) घाला, पण हळुवार. गाठीला खरचटलं तर रक्त वाढतं. चिठ्ठीवर ठळक लिहा: ‘अँजिओफायब्रोमाचा संशय, बायोप्सी करू नये.’ रेडिओलॉजी आणि रक्तपेढी एकाच छताखाली असेल तिथेच पाठवा.